एक किलो शिसं

पहाटेचे चार वीस. पोट रिकामं, घर झोपलेलं.
गोळी मसुरीच्या दाण्याएवढी.
ती गिळायची आणि मग तासभर
कशालाच हात लावायचा नाही,
ना भाताला, ना कॉफीला.
मी गॅसपाशी बसून राहते
वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी.

गळ्यातून काढलं ते वीस ग्रॅम होतं.
डॉक्टर मुननी आकडा सांगितला, मी विचारलं म्हणून.
आयुष्यभर वजनावर पैसे घेतलेली बाई मी,
माझ्यातून काय गेलं ते विचारणारच.
वीस ग्रॅम. शंखातलं मांससुद्धा त्याहून जास्त भरतं.
त्याच्या बदल्यात वर्षभरात सात किलो आले.
असला व्यवहार आमच्या सोसायटीत कुणी केला असता
तर त्याला जेजू बेट सोडावं लागलं असतं.

"अंग धरलंस गं," यांग बोक-रे म्हणाली,
माझ्या कमरेला गुडघा लावून
रबरी सूटची चेन ओढताना,
जशी भरलेली गोणी बांधतात.
"चोरून काय खातेस?"

वाटी ठरलेली आहे. तीही काठापर्यंत नाही.
डुकराचं मांस फक्त लग्नात, दोन तुकडे.
रोज संध्याकाळी गावामागची टेकडी चढते,
वर घोडे चरत असतात, ते आता ओळखतात.
तरी काटा हलत नाही,
हललाच तर नको त्या बाजूला.
कुणाकुणाला सांगू?

उपचाराआधी दोन आठवडे
समुद्रच बंद केला होता ताटातून.
मासा नाही, मीठ वेगळं,
शेवाळाचं सूप तर नावालाही नाही,
जे बाळंतपणात सासूनं एकवीस दिवस
माझ्यासमोर बसून पाजलं होतं.
चाळीस वर्षं ज्याच्या पोटातून घर चालवलं
तोच अपथ्य.
तेव्हा जन्मलेली मुलगी आता बुसानहून फोन करते,
"आई, टीएसएच किती आला?"
मी तिला गणिताचे मार्क विचारायचे, त्याच आवाजात.

एप्रिलमध्ये पुन्हा पाण्यात गेले.
डोकं खाली, पाय वर, नेहमीसारखी बुडी मारली,
आणि समुद्रानं मला परत केलं.
पुन्हा मारली. पुन्हा परत.
नारिंगी तुंब्याशेजारी तरंगत राहिले,
दुसरा तुंबा.
खाली दोन पुरुष पाणी, स्वच्छ.
कपारीत अबालोन दिसत होता, त्याची कडसुद्धा.
ठाव दिसत होता, लागत नव्हता.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी पाण्यात रडले,
तिथं एक बरं असतं, कळत नाही कुणाला.

किनाऱ्यावर को सुन-यो शेकत बसली होती,
एक्याऐंशीची, आमच्यात सगळ्यात जुनी.
"चरबी वर ढकलते," म्हणाली. "पट्ट्यात शिसं वाढव."
किती?
"किती किलो चढलीस?"
सात.
तिनं एक बोट वर केलं.
एकच?
"पाणी तेवढंच धरतं."

मग तिनं स्वतःचा पट्टा सोडला
आणि त्यातला एक तुकडा काढून माझ्या हातात ठेवला.
कडा झिजून गोल झालेल्या,
वर खिळ्यानं कोरलेलं तिचं आडनाव.
मी नको म्हणाले.
"घे. मी दरवर्षी थोडी थोडी रोडावते आहे.
मला कमी लागतं आता."
आणि तळवे विस्तवाकडे उलटे केले.

गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी डोस वाढवला.
नर्सनं वजन विचारलं.
मी म्हणाले, जमिनीवरचं?
ती हसली नाही, आकडा लिहून घेतला.

सूटची कॉलर अजून व्रणाला घासते.
मी तिथे जुन्या मोज्याची पट्टी शिवून घेतली आहे.
काल सव्वादोन किलो शंख निघाले.
आज चार वीसला उठले,
गोळी घेतली,
आणि बसले आहे, अजून चाळीस मिनिटं आहेत.